राहिलेले टाके

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी आज कशावर बोलणार हे कळविले तेव्हा आपल्या चिटणीसबाई क्षणभर गप्पच राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, वर्धापनदिनाला मरणाचा विषय? त्यापेक्षा सणावारांवर बोला ना." त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण गेल्या वर्षभरात आपल्या भजनातल्या तीन जणी गेल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण त्यांची नावे घेतली, दोन मिनिटे उभ्या राहिलो आणि लगेच तिळगूळ वाटावयास घेतला. मला त्या वेळी वाटले की ज्या गोष्टीची प्रत्येकीला खात्री आहे तिच्याविषयीच आपण एकमेकींशी कधी बोलत नाही.

मी काही विदुषी नव्हे. शाळेत छत्तीस वर्षे मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविले, एवढीच माझी विद्या. आज मला चौऱ्याहत्तरावे वर्ष चालू आहे. मागल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितले की माझ्या हृदयाची झडप थकली आहे, आणि शस्त्रक्रिया या प्रकृतीला सोसणार नाही. किती दिवस, हे त्यांनी सांगितले नाही व मीही विचारले नाही. घरी येताना गाडीतून मोसम नदीचे कोरडे पात्र दिसत होते. मला प्रथम आठवल्या त्या माझ्या सासूबाई. माझे आजचे सांगणे म्हणजे बव्हंशी त्यांच्याकडून शिकलेला, आणि उशिरा शिकलेला, धडा आहे.

सासूबाईंना घरात आणि गल्लीत सगळे जिजी म्हणत. २००३ साली त्या गेल्या. पोटाचा आजार होता. नाशिकच्या डॉक्टरांनी माझ्या यजमानांना बाजूला घेऊन सांगितले, दोन-तीन महिने. आम्ही घरातल्या साऱ्यांनी ठरविले की जिजींना काही कळू द्यावयाचे नाही. ते आम्ही प्रेमानेच ठरविले. कोणी भेटावयास आले तर दारातच सांगत असू, "आत गेल्यावर डोळ्यांत पाणी आणू नका." जिजींनी विचारले की आम्ही म्हणत असू, "काही नाही, उष्णता झाली आहे. कांदे चाळीत पडेपर्यंत तुम्ही हिंडू-फिरू लागाल."

जिजींचे आणि त्यांच्या धाकट्या जावेचे बावीस वर्षे बोलणे नव्हते. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झाले होते. विहीर पुढे आटली, पाळी संपली, भांडण मात्र राहिले. शेवटच्या महिन्यात एके रात्री मी पाय चेपीत असताना जिजी म्हणाल्या, "तिला बोलावून घे." मी म्हणाले, "अगोदर बऱ्या व्हा, मग आपणच जाऊ त्यांच्याकडे." त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "माले समदं समजस." मला सारे कळते. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. आठ दिवसांनी त्या गेल्या. जाऊबाई आल्या, उशाशी बसल्या, आणि जे जिवंत कानाला सांगावयाचे ते सगळे त्यांनी त्या दिवशी सांगितले.

भगिनींनो, आम्ही जिजींची सेवा केली. औषधात, पथ्यात, अंथरुणाच्या स्वच्छतेत कसूर केली नाही. पण त्यांना बोलू मात्र दिले नाही. जाणाऱ्या माणसाला आपली आवराआवर करावयाची असते, आणि आपण "असे अभद्र बोलू नका" म्हणून त्याचे तोंड बंद करतो. त्याला धीर देतो असे आपण म्हणतो, पण खरे पाहता आपलाच धीर सुटू नये म्हणून आपण ते करतो. जाणाऱ्याला बहुतेक वेळा कळलेलेच असते. मग एकाच घरात दोन्ही बाजूंनी नाटक सुरू होते, आणि माणूस भरल्या घरात एकटा पडतो.

म्हणून उतारवयात सर्वांत मोलाचे काय, असे मला कोणी विचारले तर पहिली गोष्ट मी ही सांगेन: मनातले बोलावयास मोकळीक, आणि ते ऐकणारे एक तरी माणूस.

दुसरी गोष्ट आपल्या कांद्याच्या चाळीतली आहे. उन्हाळ कांदा चाळीत भरला की आपले काम संपत नाही. मधून मधून निवडावा लागतो. एक सडलेला कांदा आत राहिला तर शेजारचे दहा घेऊन जातो. मनातल्या अढीचेही तसेच आहे. जावेशी अबोला धरला की तिच्या मुलांशी बोलणे तुटते, लग्नाकार्याला जाणे बंद होते, आणि पुढच्या पिढीला तर कारणही ठाऊक नसते. हे निवडणे हातपाय चालतात तोवरच करावे. शेवटच्या आठवड्यात बोलायची ताकद राहत नाही आणि बोलावलेले माणूस वेळेवर पोहोचेलच असे नाही.

मला डॉक्टरांनी सांगितले त्यानंतर पंधरा दिवसांनी मी त्या चुलतसासूबाईंकडे गेले. आता त्यांनी नव्वदी गाठत आणली आहे, ऐकूही कमी येते. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितले, "जिजींनी तुम्हाला बोलावले होते. मीच निरोप पोचविला नाही." त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मला वाटले, रागावल्या. मग त्यांनी विचारले, "शेवटी जेवत होती का गं ती?" एवढेच. मी म्हटले, "पेज घेत होत्या." त्या म्हणाल्या, "बरं झालं." निघताना त्यांनी माझ्या पिशवीत शेवग्याच्या शेंगा घातल्या. माझी चूक त्याने पुसली गेली असे मी म्हणत नाही. पण निरोप पोचला.

आता थोडे शरीराविषयी. पुष्कळ जणींना मरणाची भीती नसते, वेदनेची असते, आणि परस्वाधीन होण्याची असते. ही भीती खोटी नाही. परंतु या बाबतीत वैद्यकशास्त्र पुढे गेले आहे, हे आपल्याला माहीत हवे. सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये मरणासन्न रुग्णांसाठी खास रुग्णालय काढले. त्या आधी परिचारिका होत्या, नंतर डॉक्टर झाल्या. बरा न होणारा रोगीही दुखणे कमी होऊन, शांतपणे आणि आपल्या माणसांत राहू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्याकडे मुंबईस वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना आश्रम निघाला. पुण्याजवळ वारज्याला १९९७ पासून कर्करोग्यांसाठी असे केंद्र चालते. या उपचारांना परिहार सेवा म्हणतात. "आता काही करण्यासारखे नाही" असे कोणी सांगितले, तर "दुखणे कमी करण्यासारखे काय आहे?" असे विचारावयास आपण शिकले पाहिजे.

घरच्या घरी करण्यासारखेही पुष्कळ असते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली तर पाठीला जखमा होण्याचे पुष्कळसे टळते. अखेरीस भूक आपोआप मरते. तेव्हा बळेबळे भरविण्याने त्रासच होतो, ओठ आणि जीभ ओली ठेवली तरी आराम पडतो. ऐकू येणे बहुधा शेवटपर्यंत टिकते असे वैद्य मंडळी मानतात. म्हणून खाटेजवळ बसून वाटणीची चर्चा करू नये.

सेवेचा विषय निघाला की मला मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका आठवतात. अरुणा शानबाग ही त्यांच्यातलीच एक. १९७३ साली तिच्यावर अमानुष अत्याचार झाला, ती शुद्ध हरपून पडली, आणि १८ मे २०१५ रोजी गेली. इतकी वर्षे त्या रुग्णालयातील परिचारिकांनी तिला न्हाऊमाखू घातले, भरविले. ज्यांनी तिला हिंडताफिरताना पाहिलेही नव्हते अशा मुलींनी ते केले. तिला या यातनांतून सोडवावे असा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा परिचारिकांनी "ती आमची आहे" अशा भावनेने विरोध केला, आणि २०११ साली न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. मात्र त्याच निकालात काही अटींवर उपचार थांबविण्याची वाट न्यायालयाने दाखविली. अर्ज करणारीच्या मनात करुणा होती, आणि विरोध करणाऱ्यांच्याही मनात करुणाच होती. स्वतः अरुणेला काय हवे होते, हे मात्र कोणालाच विचारता येत नव्हते.

म्हणूनच आपली इच्छा आधी सांगून ठेवावी. ९ मार्च २०१८ च्या निकालाने आपल्याला तसा अधिकार मिळाला आहे. बरे होण्याची आशा उरली नसता मला यंत्रांवर ठेवू नये, असे सुदृढ मनाचे माणूस आधीच लिहून ठेवू शकते. २०२३ मध्ये ही पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही करावयाची. मी तसे लिहिले आहे. मुलगा आधी रागावला, दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आई, त्या वेळी निर्णय माझ्या डोक्यावर येणार नाही, एवढे तरी झाले."

मृत्युपत्राचेही तसेच. ते साध्या कागदावर चालते. आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्यांना काही द्यावयाचे आहे त्यांना साक्षीदार न केलेले बरे. नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवावी. आणि लेकींना विसरू नये. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क कायद्याने मानला आहे. हक्कसोडपत्रावर सही करावयाची की नाही हे ज्या त्या बहिणीने ठरवावे, पण कागद वाचून ठरवावे, साडीचोळीच्या गडबडीत नव्हे.

इतकी आवराआवर झाली तरी एक प्रश्न उरतो. उरलेले दिवस घालवावयाचे कसे? येथे मला आपल्या जिल्ह्यातीलच एका बाईंचे स्मरण होते. नाशिकजवळच्या जलालपूरच्या, १८६८ सालच्या, लक्ष्मीबाई टिळक. शाळेचे तोंड पाहिले नव्हते. अक्षरओळख लग्नानंतर. १९१९ साली पती नारायण वामन टिळक गेले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे होते. बाईंनी ते हाती घेतले आणि चौसष्ट अध्याय लिहिले. पुढे 'स्मृतिचित्रे' लिहावयास घेतली. १९३४ पासून त्यांचे भाग निघू लागले. १९३६ साली बाई गेल्या तेव्हा शेवटचा भाग अपुराच होता. तो मुलाने, देवदत्तांनी, पुरा केला.

पतीचे अपुरे राहिलेले बाईंनी पुढे नेले, आणि बाईंचे अपुरे राहिलेले मुलाने. मला यात मोठे सांत्वन वाटते. आपण समजतो, सारे काही पुरे करून मग शांतपणे जावे. तसे कोणाचेच होत नाही. हातात आवडीचे काम असावे, आणि ते पुढे उचलील असे कोणी तरी आपण जवळ केलेले असावे, एवढे पुरे.

आपले सटाण्याचे देवमामलेदारच पाहा ना. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिन्यातील एक लाख सत्तावीस हजार रुपये उपाशी माणसांना वाटले असे सांगतात. चमत्काराची कथा ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे मानावी. पण १८८७ साली ते नाशिकला गेले, आणि आजही दर मार्गशीर्षात सटाण्याला त्यांची यात्रा भरते. जमविलेल्या पैशासाठी कोणाची यात्रा भरल्याचे मी तरी ऐकले नाही.

जिजी गेल्या तेव्हा त्यांची एक गोधडी अर्धी शिवलेली होती, सुई तशीच टोचलेली. ती मी वीस वर्षे ट्रंकेत ठेवली होती. या पावसाळ्यात काढली आणि रोज दुपारी थोडी थोडी शिवली. माझे टाके त्यांच्यासारखे बारीक नाहीत. कोठे जिजी संपल्या आणि कोठे मी सुरू झाले, हे कोणीही ओळखील. परवा नात शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, मला दोरा ओवू दे." एक कोपरा अजून राहिला आहे. तो मी मुद्दामच तिच्यासाठी ठेवला आहे.

तर भगिनींनो, माझी विनंती एवढीच. आज घरी गेल्यावर एका माणसाला निरोप पाठवा, ज्याच्याशी बोलणे राहून गेले आहे त्याला. आणि घरात कोणी वृद्ध "मला काही सांगावयाचे आहे" असे म्हणाले, तर "अगोदर बऱ्या व्हा" असे म्हणू नका. हातातले काम ठेवा, जवळ बसा, आणि ऐका.