शाळेचा निरोप घरी पोहोचतो काय?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात माहीम येथे केलेले भाषण)



आजच्या संमेलनात आम्ही चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांनी आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्हांस संकोच वाटला. विषय संगणकाचा आणि आमची विद्या मॅट्रिकपर्यंतची. दहावीच्या नव्या अभ्यासक्रमाची पहिली शालान्त परीक्षा १९७५ साली झाली, त्या तुकडीतले आम्ही. पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि निवृत्तीपर्यंत खडू व फळा यांच्याच संगतीत राहिलो. संगणकाच्या पोटात काय चालते ते आम्हांस ठाऊक नाही. परंतु प्रगतिपुस्तक कसे भरतात, आणि ते मुलाच्या दप्तरातून घरी गेल्यावर त्याचे काय होते, हे मात्र आम्ही जवळजवळ चाळीस वर्षे पाहिले आहे. मंडळाच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गासाठी आपल्या तरुणांनी जी प्रणाली तयार केली आहे, तिच्याविषयी बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच.

प्रगतिपुस्तक आपणांपैकी प्रत्येकाने हाताळलेले आहे. दुमडलेला पुठ्ठा, आत विषयांचे आणि चाचण्यांचे रकाने, शेऱ्यासाठी अर्धी ओळ, आणि तळाशी तीन सह्या : वर्गशिक्षकाची, मुख्याध्यापकाची आणि पालकाची. या तिसऱ्या सहीवर शाळेची सारी भिस्त असे. ती सही आली की निरोप घरी पोहोचला असे आम्ही शिक्षक धरून चालत असू.

जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, तेव्हा आम्ही परळच्या बाजूस एका शाळेत नवखे शिक्षक होतो. वर्गातील निम्म्याहून अधिक मुले गिरणी कामगारांची. त्यांतील एका मुलाचे प्रगतिपुस्तक दोन्ही वेळा पालकाच्या सहीनिशी वेळेवर परत आले. त्या सहीतील ‘द’च्या शेपटीचा झोक आम्ही रोज त्या मुलाच्या शुद्धलेखनाच्या वहीत पाहत होतो. सही कोणाची हे आम्ही ओळखले, आणि मुकाट्याने पुस्तक कपाटात ठेवले. साठ मुलांचा वर्ग, घरोघर अडचण, अशा वेळी आणखी एका बापास कशाला त्रास द्यावा, असे आम्ही स्वतःस सांगितले. जूनमध्ये वडील शाळा सोडल्याचा दाखला मागण्यास आले. बिऱ्हाड गावी हलवावयाचे होते. मुलगा दोन विषयांत वर्षभर मागे होता हे त्यांस त्या दिवशी कळले. ते रागावले नाहीत. “गुरुजी, मी तर दिवसभर घरीच होतो. एकदा बोलावणं धाडायचं होतंत,” एवढेच म्हणाले. त्या सहीत मुलाचा दोष थोडा होता, आमचा अधिक होता. हे आम्ही आजवर कोठे बोललो नव्हतो.

आता दुसरी गोष्ट, ती अलीकडची. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शाळेचा सारा व्यवहार मोबाईलवर आला. आपल्या ज्ञातीतील एक भगिनी येथेच माहीममध्ये राहतात. यजमान नाहीत, चार घरच्या पोळ्या करून संसार चालवितात. घरात मोबाईल एकच, तो मुलाच्या हाती, कारण वर्ग त्यावरच भरे. त्या वर्षी सर्वांनाच वरच्या इयत्तेत घातले, त्यात हा मुलगा आठवीतून नववीत गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत आठवीपासूनचे वर्ग पुन्हा उघडले. मुलगा गणवेश घालून वेळेवर बाहेर पडे आणि वेळेवर परत येई. पुढे निकालानंतर या बाई आमच्याकडे आल्या, मोबाईल पुढे केला आणि म्हणाल्या, “गुरुजी, यात शाळेचं काय काय आलंय ते जरा वाचून दाखवता का?”

आम्ही वाचू लागलो. एकंदर तेवीस संदेश होते, सारे इंग्रजीत. बरेचसे गैरहजेरीचे, काही चाचणीच्या गुणांचे, दोन शाळेत भेटीस येण्याविषयीचे आणि शेवटचा अनुत्तीर्ण झाल्याचा. आम्ही एकेकाचा अर्थ सांगत होतो आणि त्या ‘हं’ म्हणत होत्या. पंधराव्या की सोळाव्या संदेशानंतर त्यांनी ‘हं’ म्हणणेही थांबविले. शाळेने कळविले नाही असे म्हणण्यास जागा नव्हती. तेवीस वेळा कळविले होते. मुलाने दर वेळी आईस सांगितले होते की फीविषयी काहीतरी आले आहे, किंवा सुट्टीविषयी. तो पुन्हा शाळेत गेला नाही. आज एका दुकानाचे सामान घरोघर पोहोचवितो. वाईट मुलगा नव्हे. आईवर त्याचा जीव आहे.

या दोन गोष्टींत चाळीस वर्षांचे अंतर आहे. पुठ्ठ्याच्या जागी मोबाईल आला, परंतु निरोप्या तोच राहिला. आपल्याविरुद्धची तक्रार आपणच घरी न्यावी आणि तिचा अर्थही आपणच समजावून द्यावा, अशी अपेक्षा आपण बारा-तेरा वर्षांच्या मुलाकडून करतो. हे त्या मुलावरही मोठे ओझे आहे. आई-वडील जेथे इंग्रजी जाणतात, स्वतःचा मोबाईल बाळगतात, तेथे ही अडचण येत नाही. आणि प्रणाली तयार करणारे बहुधा अशाच घरांतून आलेले असतात, म्हणून त्यांस ती दिसत नाही.

माहीमकरांस आम्ही एक जुनी गोष्ट आठवून देतो. वांद्र्याची खाडी पूर्वी होडीने ओलांडावी लागे. भरती, पाऊस आणि नावाडी या तिघांच्या मर्जीवर माणसाचे जाणे-येणे अवलंबून. लेडी जमशेटजी यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि १८४५ साली कॉजवे खुला झाला. त्यावर टोल घ्यावयाचा नाही, ही त्या बाईंची अट होती. शाळा आणि घर यांच्यामध्ये अशीच एक खाडी आहे, आणि आपली मुले तेथे नावाडी झाली आहेत. आपल्या तरुणांनी तयार करावयाची वस्तू कॉजवेसारखी हवी : वाट सरळ हवी, आणि नाक्यावर कोणी अडविता कामा नये.

या कामी आजवर काहीच झाले नाही असे नाही. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासननिर्णय निघाला. पहिली-दुसरीस आकारिक मूल्यमापनाचे ७० आणि संकलितचे ३० गुण, तिसरी-चौथीस ६० आणि ४०, पाचवी-सहावीस निम्मे निम्मे, सातवी-आठवीस ४० आणि ६०. आणि या बेरजेवरून अ-१ पासून इ-२ पर्यंत श्रेणी. एका लेखी परीक्षेवर मुलाचे मोल ठरू नये हा हेतू चांगलाच होता, आणि आम्ही त्याचे स्वागत केले. परंतु पन्नास मुले, आठ विषय, आणि प्रत्येक विषयात तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प असे रकाने! वर्षातून दोनदा आमच्या घरी जेवणाच्या पाटाजवळही नोंदवह्या असत. त्या दिवसांत जिल्हा परिषदांच्या काही शिक्षकांनी एक्सेलमध्ये तयार तक्ते बांधले. गुण भरले की बेरीज, श्रेणी आणि निकालपत्रक आपोआप तयार. ते तक्ते त्यांनी फुकट वाटले आणि मोबाईलवरून राज्यभर पसरले. पैसा न घेता केलेले एवढे उपयोगी काम आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

पुढे २०१५ साली शासनाने ‘सरल’ नावाची प्रणाली आणली आणि प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद संगणकावर गेली. त्यानंतर आणखी संकेतस्थळे, आणखी ॲप. तीच माहिती तीन ठिकाणी भरण्यात शिक्षकाची संध्याकाळ जाते, ही तक्रार आपण आपल्या घरच्या शिक्षकांकडून ऐकली असेलच. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. ही सारी माहिती शाळेकडून वर जाते. केंद्राकडे, जिल्ह्याकडे, राज्याकडे. प्रशासनास ती लागते हे आम्ही मान्य करतो. पण आईच्या हाती तिच्यातील किती येते, हा प्रश्न विचारणारा तेथे कोणी नसतो.

परदेशांत हा प्रश्न विचारला गेला आहे. एस्टोनिया हा सुमारे १३ लाख वस्तीचा देश. तेथे २००२ पासून ‘ई-कूल’ नावाची प्रणाली चालू आहे आणि गुण, हजेरी, गृहपाठ पालकांस घरबसल्या दिसतात. तो सुशिक्षित आणि संगणकास सरावलेला देश, म्हणून त्याचे उदाहरण आपणांस पूर्ण लागू पडत नाही. त्याहून दक्षिण अमेरिकेतील चिली देशाचे उदाहरण जवळचे. तेथे सांतियागो शहराच्या परिसरातील गरीब कुटुंबांच्या मोबाईलवर मुलाची हजेरी, गुण आणि वर्गातील वर्तन यांविषयी साधे, छोटे संदेश वरचेवर पाठविण्यात आले. मुलांच्या गणितातील गुणांत आणि हजेरीत सुधारणा झाल्याचे अभ्यासकांस आढळले. चमत्कार झाला नाही. पण संदेश साधे होते आणि थेट पालकास मिळत होते, हे ध्यानात घ्यावे.

आता आपल्या अभ्यासवर्गाच्या प्रणालीकडे वळतो. आपल्या ज्ञातीतील दोन तरुण आणि एक युवती, तिघेही संगणकाच्या कंपन्यांत नोकरीस, यांनी शनिवार-रविवारच्या रात्री जागून ही प्रणाली बांधली. दिवाळीच्या सुट्टीत तिचा पहिला अवतार त्यांनी आम्हांस दाखविला. रंगीत आलेख होते, फिरणारी चक्रे होती. पाहून डोळे दिपले. आम्ही एवढेच म्हटले, की चार आयांना बोलवा, मोबाईल त्यांच्या हातात द्या आणि आपण कोणी काही बोलू नका.

पहिल्या बाई पासवर्डपाशीच अडल्या. त्यात इंग्रजी मोठे अक्षर हवे, आकडा हवा आणि वर एक चिन्हही हवे. दुसऱ्या बाईंनी आपल्या यजमानांचा क्रमांक दिला होता. गुप्त आकडा त्यांच्या मोबाईलवर गेला आणि ते कामावर उरणला. तिसऱ्या बाईंची दोन मुले वर्गात. एका क्रमांकावर एकच मूल अशी योजना असल्यामुळे धाकटीला प्रणालीने घेतलेच नाही. चौथ्या बाई शेवटपर्यंत पोहोचल्या, मुलाच्या नावापुढे ‘क-२’ पाहिले आणि विचारले, “हे चांगलं की वाईट?” खोलीत कोणासही लगेच उत्तर सुचले नाही. शतकात ४१ ते ५० गुण, हे आम्हांस पाठ होते. पण त्यांचा प्रश्न तो नव्हता. आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घालण्याचा नियम राज्याने केला आहे, आणि आमच्या या प्रणालीत आईच्या नावास रकानाच नव्हता!

त्या तिघांचे कौतुक यासाठी, की त्यांनी वाद घातला नाही. आलेख गेले, चक्रे गेली. आता उघडताच मराठीत ठळक तीन शब्द दिसतात : हजेरी, गुण, निरोप. पासवर्ड नाही, वर्गावर येऊन एकदा मोबाईल जोडून घेतला की झाले. एका क्रमांकावर कितीही मुले आणि एका मुलास दोन क्रमांक चालतात. श्रेणीखाली शिक्षकाने एक वाक्य लिहावयाचे किंवा बोलावयाचे असते : ‘भागाकारात अडखळतो, हातचा विसरतो, रोज दोन उदाहरणे करवून घ्या.’ निरोप ऐकण्यासाठी एक बटण, आणि त्याच्या शेजारी उत्तर बोलण्यासाठी दुसरे. ज्यांस वाचता येत नाही त्यांस ऐकता येते. आमच्या खोलीत मोबाईलला रेंज मिळत नाही, म्हणून शिक्षकाने गुण एकदाच भरावेत आणि रस्त्यावर आल्यावर ते आपोआप जावेत अशी तजवीज केली आहे. हे सारे जुन्या, स्वस्त मोबाईलवर चालते. वर्षाचा खर्च मंडळाने उचलला असून पालकांकडून एक पैसाही घ्यावयाचा नाही असे ठरले आहे.

ते बोलण्याचे बटण आम्हांस प्रथम अनावश्यक वाटले होते. पहिल्याच आठवड्यात एका आईचा निरोप आला : “गुरुजी, ती अभ्यास करते, पण रात्री घरात दिवा बंद करावा लागतो. सासऱ्यांना झोप लागत नाही.” मुलीच्या अपुऱ्या वह्यांवर आम्ही महिनाभर शेरे मारीत होतो. आता ती अर्धा तास आधी येते आणि वर्गाच्या खोलीतच गृहपाठ पुरा करते.

आता थोडे अप्रिय बोलतो, त्याची क्षमा असावी. कार्यकारिणीपुढे अशी सूचना आली आहे, की सर्व मुलांचे गुण क्रमवार लावून मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर दर महिन्यास प्रसिद्ध करावेत. त्याने चुरस वाढेल आणि गुणगौरवासाठी नावेही आयती मिळतील. सूचना करणारे गृहस्थ आमचे स्नेही आहेत आणि त्यांचा हेतू शुद्ध आहे. तरीही आमचा या सूचनेस विरोध आहे. ज्ञातीत सर्व एकमेकांस ओळखतात. शेवटच्या क्रमांकाच्या मुलाची आई लग्नाकार्यात चार बायकांत बसते, तेथे तिला काय ऐकावे लागेल याचा विचार व्हावा. आपल्या तोंडावर कोणी बोट ठेवू नये म्हणून ती दुसऱ्याच दिवशी मुलास वर्गातून काढील, आणि ज्याच्यासाठी हा वर्ग काढला तोच मुलगा निघून जाईल. कायद्याचेही पाहावे लागेल : २०२३ सालच्या वैयक्तिक माहितीसंबंधीच्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरविली आहे. गुणगौरव अवश्य करावा; त्यासाठी पालकांनी आपण होऊन गुणपत्रक आणून द्यावे, जसे आजवर देत आलो. हा विषय दुपारच्या सर्वसाधारण सभेच्या पत्रिकेवर आहे. सभासदांनी त्या वेळी उठून न जाता मत द्यावे, अशी विनंती आहे.

मोबाईल जोडून देण्याचे काम येत्या रविवारी सकाळी दहा ते एक या वेळात अभ्यासवर्गाच्या खोलीत होईल. ज्या मोबाईलवर निरोप हवा तो बरोबर आणावा, मुलाचे नाव आणि इयत्ता सांगावी. कागदपत्र काहीही लागत नाही. मात्र आई, वडील, आजी, जे कोणी घरी अभ्यासाकडे पाहते, त्यांनी स्वतः यावे. मुलाच्या हाती मोबाईल देऊन त्यास पाठवू नये. सकाळी कामावर जाणाऱ्या भगिनींसाठी आम्ही त्याच दिवशी संध्याकाळी सात वाजता पुन्हा तेथे बसणार आहोत.