लघवीच्या थेंबातील दम्याची चाहूल
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आम्ही लघवीसारखा विषय निवडावा, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु भिलाईकरांना तरी तसे वाटू नये. भट्टीत पोलाद शिजत असताना त्यावर तरंगणारी स्लॅग ही टाकाऊ वस्तू खरी. पण तिचा रंग, तिचा पातळपणा आणि तिचे पृथक्करण यांवरून आतल्या रसाची स्थिती जाणणारे कितीतरी जाणकार या सभागृहात बसले असतील. जे टाकून द्यायचे, तेच आतली वार्ता सांगते. शरीराच्या भट्टीलाही हाच न्याय लागू पडतो. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. प्रयोगशाळेत आमचा प्रवेश नाही. तथापि सामान्य माणसाने या शोधाकडे कसे पाहावे, एवढेच मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

दमा हा आपल्या घराघरांतला शत्रू होय. २०१९ च्या जागतिक रोगभार पाहणीच्या अंदाजानुसार भारतात सुमारे ३ कोटी ४० लाख दमेकरी आहेत. जगातील दमेकऱ्यांत आपला वाटा सुमारे १३ टक्के. पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र तो ४० टक्क्यांहून अधिक. ही तफावत मन विषण्ण करते, कारण दमा हा बहुतेकांच्या बाबतीत आटोक्यात ठेवता येण्याजोगा विकार आहे. निदान उशिरा होते, औषध अर्धवट घेतले जाते, आणि मुलीला दमा असेल तर लग्नाच्या भीतीने तो लपविला जातो. त्यात निदानाची एक अडचण अशी की, श्वासमापक यंत्रात जोराने फुंकर मारणे चार वर्षांच्या बालकाला साधत नाही. छातीत घरघर तर साध्या सर्दीतही होते. मग हा दमा की नुसता कफ, हे ठरवावे कसे? सुई न टोचता, मुलाला न रडविता एखादी खूण मिळाली तर किती बरे होईल! लघवी तपासण्यामागची आस ती हीच.

ही कल्पना आपल्या परंपरेला अपरिचित नाही. चरकसंहितेत तमक श्वासाचे वर्णन आहे. योगरत्नाकरात रोग्याच्या अष्टविध परीक्षेत नाडीच्या पाठोपाठ मूत्राला स्थान दिले आहे. मात्र त्या काळी डोळ्यांना दिसेल तेवढेच पाहणे शक्य होते. आज वस्तुमान-वर्णपटमापक नावाचे यंत्र लघवीतील प्रथिनांचे तुकडे तोलून त्यांची नावे सांगते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसाच्या लघवीत १,५०० हून अधिक प्रकारची प्रथिने ओळखली गेली.

आता प्रश्न असा की, फुफ्फुसातील बातमी लघवीत पोहोचते कशी? आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातला बहुतेक भाग परत शोषून घेतात. दीड-दोन लिटर तेवढा बाहेर पडतो. मोठी प्रथिने गाळणीतून सहसा निसटत नाहीत, लहान निसटतात. याचे सुरेख उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रोग्यांच्या लघवीत एक छोटे प्रथिन सापडले आणि त्याला ‘मूत्रप्रथिन एक’ असे साधे नाव मिळाले. पुढे उलगडा झाला की, श्वासनलिकांच्या अस्तरातील पेशी जे प्रथिन स्रवतात, तेच हे! फुफ्फुसातील रहिवासी रक्तमार्गे प्रवास करून लघवीत उतरला होता. त्याही आधी, १८४७ साली, लंडनच्या हेन्री बेन्स जोन्स या वैद्याने हाडांच्या एका असाध्य विकारात लघवीत वेगळेच प्रथिन पाहिले होते. त्याचे खरे स्वरूप १९६२ साली कळले. लघवीने सांगितलेली गोष्ट समजून घ्यायला माणसाला शंभराहून अधिक वर्षे लागली.

मग थेट रोग्यांचीच लघवी का तपासू नये, उंदरांना मध्ये का आणावे? कारण माणसांत फार भेद असतात. एकाचे वय वेगळे, दुसऱ्याचा आहार वेगळा, तिसऱ्याची औषधे चालू. आणि दमा नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला, हे कोणालाच सांगता येत नाही. प्रयोगशाळेतील उंदीर एकाच वंशाचे, एकाच अन्नावर वाढलेले असतात. त्यांना कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातील ओव्हाल्ब्युमिन हे प्रथिन टोचून त्याविषयी संवेदनशील करतात. पुढे तेच प्रथिन श्वासावाटे देतात. मग त्यांच्या श्वासनलिका सुजतात, आकुंचन पावतात, इओसिनोफिल या पेशींची गर्दी होते. आपल्या देशातही दिल्लीच्या जीनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्थेत या पद्धतीने दम्याचा अभ्यास झाला आहे. येथे रोगाचा पहिला दिवस ठाऊक असतो. त्यामुळे त्याच प्राण्याची आधीची आणि नंतरची लघवी ताडून पाहता येते.

बीजिंगचे संशोधक यूहे गाओ यांनी याला एक तात्त्विक बैठक दिली. त्यांचे म्हणणे असे की, शरीर रक्ताला सतत समतोल राखते. नको ते झटपट बाहेर काढते. लघवीवर मात्र असे बंधन नाही. म्हणून आरंभीचे सूक्ष्म बदल रक्तापेक्षा लघवीत अधिक स्पष्ट दिसावेत. स्वच्छ ठेवलेल्या घरापेक्षा घराबाहेरच्या केराच्या टोपलीवरून घरातला दिनक्रम अधिक कळतो, तसेच हे.

परंतु वाट सरळ नाही. पहिली अडचण उंदराचीच. निरोगी माणसाच्या लघवीत प्रथिन अत्यल्प असते. निरोगी उंदराच्या, विशेषतः नराच्या लघवीत ते भरपूर असते. या गलबल्यात दम्याचा बारीक आवाज ऐकू येणे कठीण. आणि गंमत पाहा, उंदराच्या लघवीतील हीच प्रथिने श्वासावाटे गेल्याने प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कित्येकांना दमा जडतो! दुसरी अडचण गणिताची. हजार प्रथिने तपासली आणि विसात एक चूक चालेल अशी कसोटी लावली, तर काहीही खरे नसताना पन्नास प्रथिने केवळ योगायोगाने ‘खुणा’ म्हणून पुढे येतील. तिसरी अडचण अशी की, उंदराला निसर्गतः दमा होत नाही; आपण तो घडवितो. काही आठवड्यांत अंड्याच्या प्रथिनाने आणलेली सूज आणि वर्षानुवर्षे धूळ, धूर, परागकण व सर्दी-पडसे यांनी पोसलेला माणसाचा दमा, ही सख्खी भावंडे नव्हेत. शिवाय जे प्रथिन दम्यात वाढते, ते न्यूमोनियातही वाढत असेल तर त्याचा निदानाला काय उपयोग?

तरीही ही वाट पुढे जाते, याचा पुरावा आहे. कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने २००९ साली गिनिपिगांच्या लघवीत दम्याच्या खुणा शोधल्या. त्या प्रथिनांच्या नव्हेत, त्याहून लहान रेणूंच्या होत्या. पण पुढे २०११ साली त्याच पद्धतीने मुलांच्या लघवीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इओसिनोफिल पेशींतून स्रवणारे एक प्रथिन दमेकरी मुलांच्या लघवीत मोजले गेले आहे. ल्युकोट्राइन ई-४ हा श्वासनलिका आवळणाऱ्या द्रव्यांच्या कुळातला पदार्थही लघवीत मोजता येतो. मात्र लघवीतील एखाद्या प्रथिनावरून दम्याचे निश्चित निदान करावे, अशी सर्वमान्य तपासणी आज नाही. हे आम्ही मुद्दाम ठासून सांगतो.

कारण आपण गावापासून दूर राहणारी माणसे. रात्री मुलाला धाप लागली की शेजारी आजी नसते, मामा नसतात. अशा वेळी वर्तमानपत्रातील ‘लघवीवरून दम्याचे निदान’ असा मथळा मनाला भुरळ घालतो. तेव्हा स्वतःला तीन प्रश्न विचारावेत: हे उंदरात दिसले की माणसात? किती माणसांत? दुसऱ्या कोणी ते पुन्हा पडताळून पाहिले काय? उत्तरे मिळेपर्यंत डॉक्टरांचा कान, श्वासमापक यंत्र आणि श्वासावाटे घ्यायचे औषध हेच आपले आधार. इनहेलरची सवय लागते, ही समजूत खोटी आहे. त्यातले औषध थेट श्वासनलिकेत जाते म्हणून अल्प मात्रेत पुरते. घरघर थांबली म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नये. आणि लघवी तपासणे वेगळे, लघवी प्राशन करणे वेगळे. पहिल्याचे नाव घेऊन कोणी दुसऱ्याचा प्रचार करू लागल्यास त्याला दुरूनच नमस्कार करावा.

शेवटी त्या मुक्या प्राण्यांविषयी एक शब्द. आपल्या देशात १९६० च्या कायद्याने प्रयोगातील प्राण्यांना अनावश्यक वेदना देण्यास बंदी घातली आहे. ज्या उंदराला कधी दमा झाला नसता, त्याने तो आपल्या लेकरांसाठी सोसला. त्याच्या ऋणाची जाण ठेवायची, तर त्याच्याकडून मिळालेले ज्ञान आपण फुगवूही नये आणि वायाही घालवू नये. ज्याच्या घरी दमेकरी मूल आहे त्याने ते लपवू नये, आणि ज्याच्या घरी नाही त्याने शेजाऱ्याच्या मुलाला नावे ठेवू नयेत. एवढे या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या मंडळातून साधले, तरी आमचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.