चेंडू हातातून, जोर कमरेतून

सॉफ्टबॉलबद्दल एक समजूत क्रीडाशिक्षकांपासून पालकांपर्यंत घट्ट बसलेली असते. चेंडू खालून फेकायचा, मग खांद्याला कसला त्रास? क्रिकेटचा वेगवान गोलंदाज दमतो, त्याला विश्रांती द्यावी लागते. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू फेकणारी पिचर मात्र सकाळी एक सामना, दुपारी दुसरा आणि उन्हं उतरताना अंतिम सामना अशी दिवसभर फेकत राहते, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पुणे जिल्ह्यातल्या निरगुडसरसारख्या गावात मुलींचा संघ उभा करायचा असेल, तर ग्लोव्ह्ज आणि बॅटच्या खरेदीआधी ही समजूत मोडीत काढावी लागेल.

खेळ मूळचा अमेरिकेचा. १८८७ साली शिकागोतल्या एका बोट क्लबात तो बंद सभागृहात सुरू झाला. महाराष्ट्रात तो रुजला शाळांमधून. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांच्या शालेय स्पर्धा तालुक्यापासून राज्यापर्यंत होतात. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यामुळे खेड्यातली पोरगी हा खेळ हौसेसोबत हिशेबानेही खेळते, आणि त्यात गैर काही नाही. फक्त त्या हिशेबात तिच्या खांद्याचाही विचार व्हायला हवा.

अमेरिकेत १९८९च्या महाविद्यालयीन स्पर्धेत उतरलेल्या आघाडीच्या आठ संघांतील २४ पिचरची पाहणी झाली होती. त्यांतल्या २० जणींना त्या मोसमात मिळून २६ दुखापती झाल्या होत्या. पुढे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगवान कॅमेरे लावून मोजमाप केलं गेलं. हात गोल फिरून खाली येताना तो खांद्यातून बाहेर खेचला जातो. त्याला धरून ठेवण्यासाठी सांध्याला लावावा लागणारा जोर जवळजवळ पिचरच्या वजनाइतका, ९८ टक्के भरला. त्याच प्रमाणात पाहिलं तर ४५ किलोच्या मुलीच्या खांद्यावर प्रत्येक चेंडूला ४४ किलोंची ओढ. खालून फेकण्याने खांदा वाचतो, असं म्हणायला मग जागा उरत नाही.

ही ओढ शून्यावर आणता येत नाही. पण चेंडूला लागणारा वेग पाय आणि कंबर देत असतील, तर तो एकट्या हाताने ओरबाडून काढावा लागत नाही. वडीलधाऱ्यांना ज्वारीच्या राखणीची गोफण आठवत असेल. माळ्यावर उभं राहून नुसता हात फिरवणाऱ्याचा दगड जवळच पडे आणि संध्याकाळी दंड भरून येई. जो पाय रोवून कमरेतून झोका देई, त्याचा दगड शेताच्या पलीकडल्या बांधावर जाई. पिचिंगचं शास्त्र हेच आहे.

उजव्या हाताने फेकणारी मुलगी घेऊ. उजव्या पायाने ती पिचरची पट्टी मागे ढकलते, डावा पाय पुढे झेपावतो आणि हात वर जातो. हात डोक्यावर असताना तिची कंबर उघडलेली असते. मुलींना सांगायचं तर, बेंबी तिसऱ्या बेसकडे, म्हणजे पिचरच्या उजव्या बाजूला. डावा पाय टेकला की कंबर पुन्हा होम प्लेटकडे, म्हणजे समोरच्या फलंदाजाकडे वळू लागते, आणि तिच्या मागोमाग हात खाली येतो. आधी कंबर, मग धड, मग खांदा, कोपर, आणि शेवटी मनगट. चेंडू मांडीजवळून सुटतो तेव्हा कंबर पूर्ण मिटलेली नसते. बेंबी तिसरा बेस आणि होम प्लेट यांच्या साधारण मधोमध असते. उरलेलं वळण चेंडू सुटल्यानंतर पुरं होतं.

बिघाड होतो तो इथेच. ‘कंबर मार, कंबर मार’ असा ओरडा ऐकून मुलगी चेंडू सुटायच्या आधीच कंबर धाडकन मिटवते. मग तिचाच खुबा हाताच्या वाटेत येतो. त्याला चुकवायला कोपर बाहेर जातं किंवा धड एका बाजूला कलतं, आणि सगळा भार दंडाच्या पुढच्या स्नायूवर येतो. याच्या उलट, डाव्या पायाचा चवडा तिसऱ्या बेसकडे फारच वळलेला पडला तर कंबर मिटूच शकत नाही. चवडा तिरका, गुडघा किंचित वाकलेला आणि पाय ठाम, एवढं जमलं तरी पुष्कळ. आपल्या मुरमाच्या मैदानांत तर तो पाय रोज एकाच जागी पडून खड्डा होतो. दर इनिंगनंतर तो बुजवायला खर्च काहीच नाही, पण ते करतं कोण?

हे तंत्र शिकायला महागडी यंत्रं लागत नाहीत. नितंबाचे स्नायू बळकट असतील तर एका पायावर कंबर डळमळत नाही. त्यासाठी बैठका आहेत, एका पायावर तोल सांभाळून खाली वाकण्याचे व्यायाम आहेत. मोबाइलवर बाजूने आणि समोरून चित्रीकरण करून ते सावकाश पाहिलं, तर कंबर लवकर मिटते की उशिरा, हे मुलीलाच दिसतं. शिक्षकांनी ओरडण्यापेक्षा ते अधिक कामाचं.

तंत्र कितीही चोख असलं तरी थकवा ते मोडतो. पाय दमले की कंबर मागे पडते आणि हात एकटा राबू लागतो. तरीही एकाच पिचरकडून किती चेंडू टाकून घेतले जातात, याचं ठळक उदाहरण म्हणजे जपानची युकिको उएनो. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २० ऑगस्टला तिने अमेरिकेविरुद्ध १४७ चेंडू टाकले, त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाविरुद्ध बारा इनिंगमध्ये १७१, आणि दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात ९५. दोन दिवसांत ४१३ चेंडू, आणि जपानला सुवर्णपदक. जपानमध्ये हा आकडा अभिमानाने सांगितला जातो. अभिमान रास्तच आहे, पण शाळकरी पोरींपुढे तो आदर्श म्हणून ठेवणं धोक्याचं. कारण त्याच उएनोने २०२१ मध्ये टोकियोत, ३९व्या वर्षी, अंतिम सामन्यात पुन्हा अमेरिकेला हरवलं, तेव्हा मधल्या इनिंगमध्ये वीस वर्षांच्या मिउ गोतोने चेंडू हाती घेतला होता. उएनो विसावली आणि शेवटच्या इनिंगला परतली. जपान २-० ने जिंकला. आपल्याला शिकायचा आहे तो हा दुसरा सामना.

अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांनी १३-१४ वर्षांच्या पिचरसाठी एका सामन्यात ८० चेंडूंची मर्यादा सुचवली आहे. आपल्याकडे तालुका-जिल्ह्याच्या स्पर्धा बहुधा एक-दोन दिवसांत उरकतात, आणि संघाकडे पिचर असते एकच. तेव्हा निरगुडसरकरांनी संघ तालुक्याच्या घोडेगावला किंवा पुण्यातल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात पाठवताना दोन पिचर तयार करून पाठवाव्यात. स्कोअरबुकात चेंडू मोजायला एक रकाना आखावा. आणि मुलगी ‘सर, खांदा दुखतोय’ म्हणाली, की सामना कोणताही असो, चेंडू दुसरीच्या हाती द्यावा.