गायरानातला प्रकल्प : होय म्हणण्याआधी काय विचारायचं?

पंचगंगाकाठच्या सगळ्या बचत गटांतल्या आक्का, मावशी, वहिनी आणि नव्याने गटात आलेल्या सुनांना आमच्या गावच्या सहा गटांचा नमस्कार.

आजचा विषय सांडपाण्याचा आहे. कुणी जेवायला बसलं असेल तर आधी जेवून घ्या, मग ऐका. पण ऐका नक्की. कारण हा विषय आज आमच्या गावात आलाय, उद्या तुमच्याही गावात येणार आहे.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक छोटं शहर आहे. तिथल्या मोऱ्यांचं, गटारांचं आणि संडासांचं पाणी ओढ्यात येतं, आमच्या गावाच्या कडेने वाहतं आणि पंचगंगेला मिळतं. आता तिथल्या नगरपरिषदेने सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प बांधायचं ठरवलंय. त्यासाठी जागा दाखवली आहे आमच्या गायरानात, आणि ग्रामसभेचा ठराव मागितलाय.

आमच्या गटांत यावरून सरळ दोन बाजू पडल्या. एक बाजू म्हणाली, शहराची घाण आपल्या दारात कशाला? गायरानात आपल्या शेळ्या चरतात, शेणी वाळतात, तेवढीच मोकळी जागा उरली आहे. दुसरी बाजू म्हणाली, घाण तर आजही दारातूनच वाहते आहे. प्रकल्प नको म्हटलं म्हणून ओढा थांबणार आहे का? दोन्ही बोलणी खरी होती. तीन बैठका झाल्या. शेवटी ठरलं की होय किंवा नाही म्हणण्याआधी आराखडा बघायचा, समजून घ्यायचा आणि प्रश्न लिहून काढायचे. काँक्रीट ओतून झाल्यावर प्रश्न विचारून उपयोग नसतो. जो काही बदल होतो तो कागदावर असेपर्यंतच होतो.

आधी हा प्रकल्प काम कसा करतो ते सांगतो. आलेलं पाणी पहिल्यांदा जाळीतून जातं. तिथे प्लॅस्टिक, चिंध्या, कचरा अडतो. मग एका टाकीत वाळू, माती खाली बसते. त्यानंतर पाणी मोठ्या टाकीत जातं आणि तिथे खालून हवा सोडतात. त्या हवेवर जिवाणू वाढतात आणि पाण्यातली घाण खातात. मग पाणी स्थिर ठेवलं की जिवाणूंचा गाळ खाली बसतो, वर निवळ पाणी राहतं. ते क्लोरिन देऊन किंवा दुसऱ्या रीतीने जंतू मारून बाहेर सोडतात. खाली बसलेला थोडा गाळ पुढच्या पाण्यासाठी राखून ठेवतात. आपण दह्यातलं विरजण राखून ठेवतो, अगदी तसंच. हे कळलं तेव्हा आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाल्या, “मग एवढं अवघड काय हाय त्यात? विरजण सांभाळायचं.” खरं आहे. आणि पुढचे बरेचसे प्रश्न विरजण सांभाळण्याचेच आहेत.

पहिला प्रश्न : किती पाण्यासाठी बांधताय?

हा हिशेब आपल्याला घरी करता येतो. गटारयोजना असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. त्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर येतं, म्हणजे माणशी १०८ लिटर. शहराची वस्ती ३०,००० असेल तर रोजचं सांडपाणी झालं ३२ लाख ४० हजार लिटर. दहा हजार लिटरचे टँकर धरले तर रोज ३२४ टँकर. साहेब लोक एमएलडी म्हणतात तेव्हा घाबरू नका. एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. म्हणजे हे झालं सव्वातीन एमएलडी.

पण हे आजचं झालं. प्रकल्प साधारण पंधरा वर्षांपुढची वस्ती धरून आखतात, तर जमीन आणि जमिनीखालच्या मोठ्या वाहिन्या तीस वर्षांचा विचार करून. म्हणून विचारायचं, कुठल्या सालची वस्ती धरली आहे? आणि सगळं पाणी दिवसभर सारखं येत नाही. सकाळी सहा ते नऊ ओढा कसा फुगतो ते आपल्याला माहीत आहे, कारण शहरात तेव्हा सगळ्यांच्या अंघोळी आणि धुणी चाललेली असतात. एवढ्या वस्तीच्या शहराला वाहिन्या आखताना सरासरीच्या अडीच पट पाणी एका वेळी येईल असं धरतात. तेवढं पाणी पंपाला उचलता आलं नाही तर उरलेलं थेट ओढ्यात जाणार. प्रकल्प चालू आहे असं कागदावर दिसेल आणि ओढा तसाच वाहत राहील.

दुसरा प्रश्न : शहरातलं पाणी प्रकल्पापर्यंत येणार कसं?

आपलं कोल्हापूर बघा. तिथे कसबा बावड्याला ७६ एमएलडीचा मोठा प्रकल्प आहे. पण शहरातून वाहणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी आपोआप तिथे जात नाही. ते अडवावं लागतं आणि पंपाने उचलून न्यावं लागतं. अशा रचनेत पंप थांबला की नाला बंधाऱ्यावरून सरळ नदीत जातो. म्हणजे टाकी कितीही चांगली असो, तिची नस पंपाच्या हातात असते. म्हणून विचारायचं : पंप किती, जादाचा पंप आहे का, वीज गेली तर जनरेटर आहे का, आणि त्याच्या डिझेलचे पैसे कोण देणार?

तिसरा प्रश्न : जागा कुठली?

आराखड्यात जी जागा दाखवली आहे ती ओढ्याला लागून, गायरानाच्या खालच्या टोकाला आहे. नगरपरिषदेचे अभियंता नकाशा घेऊन गावात आले, चावडीत उलगडून दाखवला. नकाशा चांगला होता. पण त्यावर २०१९ नव्हतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोक्याची ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. २०२१ ला पुन्हा तसाच महापूर आला. त्या दोन्ही वेळी गायरानाच्या त्या टोकाला पाणी कुठवर होतं, कुठल्या बाभळीच्या कितव्या फांदीला चारा अडकला होता, हे आमच्या गटातल्या बायकांना बोट दाखवून सांगता येतं. कारण जनावरं सोडून उंचावर नेणाऱ्या त्याच होत्या.

आम्ही साहेबांना जागेवर नेलं आणि सहा ठिकाणी चुन्याने खुणा करून दिल्या. टाकी, पंपाची खोली आणि विजेची पेटी पुराच्या रेषेखाली राहिली तर एका पुरात यंत्रं जातात, आणि टाकीतला सगळा मैला गावात पसरतो. विरजण तर वाहूनच जातं. ते पुन्हा लागायला कित्येक आठवडे लागतात. साहेबांनी खुणा वहीत उतरवून घेतल्या आणि पातळी पुन्हा मोजायचं मान्य केलं. गायरानाचा वरचा तुकडा मुरमाड आहे. तिथे चाराही कमी उगवतो. तो बघा, असं आम्ही सुचवलंय. तिथे पाणी चढवायला जास्त वीज लागेल हे त्यांचं म्हणणं आहे, आणि तेही खोटं नाही. पण दोन वर्षांतून दोनदा बुडलेली जागा स्वस्त कशी म्हणायची?

जागेबरोबर वाराही बघायचा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. प्रकल्पाच्या पूर्वेला लगेच वस्ती, अंगणवाडी किंवा पिण्याच्या पाण्याची विहीर असेल तर ते आधीच सांगायला हवं.

चौथा प्रश्न : शहरातलं कुठलं पाणी यात येणार?

घरातल्या पाण्यावर जिवाणू जगतात. पण चांदीकामाचं आम्लाचं पाणी, कापड रंगवण्याचं पाणी गटारात सोडलं तर ते मरतात. उकळत्या दुधात विरजण घातलं तर दही लागेल का? म्हणून कारखान्यांच्या पाण्याची सोय वेगळी हवी, आणि ती आराखड्यात लिहिलेली हवी.

इथे आपल्यासाठीही एक गोष्ट आहे. संडासात टाकलेलं पॅड पंपात अडकतं आणि पंप बंद पडतो. मग ते काढायला कुणाला तरी गटारात उतरवतात. संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी विषारी वायूने गुदमरून माणसं जातात, आणि त्यांच्या बायका आपल्यासारख्याच असतात. तेव्हा जाळी यंत्राने साफ होणारी हवी, आणि वाहिनी साफ करायचं यंत्र प्रकल्पाच्याच खर्चात धरलेलं हवं. ही मागणी आमच्या यादीत सगळ्यांनी एकमताने घातली.

पाचवा प्रश्न : निघालेलं पाणी आणि गाळ कुठे जाणार?

पाण्यात घाण किती ते बीओडी या आकड्याने मोजतात. घरगुती सांडपाण्यात हा आकडा लिटरला दोनशे-तीनशे मिलिग्रॅम असतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमात तो आपल्यासारख्या भागात ३० पर्यंत आणायला सांगितलाय. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये त्याहून कडक, १० चा आकडा सांगितला. आपण विचारायचं, हा प्रकल्प कुठल्या आकड्यासाठी आखलाय? आणि दर महिन्याचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागणार का?

हे आकडे उगाच नाहीत. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं की काय होतं ते आपल्या भागाने बघितलंय. वरच्या गावाने सोडलेलं पाणी खालच्या गावाला प्यावं लागतं, हा नदीचा हिशेब आहे.

शुद्ध केलेलं पाणी उसाला, चाऱ्याला देता येतं. त्यावर गावाचा हक्क आधी लिहून घ्यायचा. पण कोथिंबीर, मेथी, काकडी अशा कच्च्या खायच्या मालाला ते द्यायचं नाही. गाळ वाळवायला वाफे लागतात. ते किती, पावसाळ्यात त्यावर छप्पर आहे का, वाळलेला गाळ कोण नेणार, हेही विचारायचं. नाहीतर तो गायरानातच ढीग करून टाकतील.

शेवटचा प्रश्न पैशाचा. बांधायला सरकारचा निधी मिळतो. पण वीज, क्लोरिन, पगार, दुरुस्ती हा खर्च दर महिन्याला नगरपरिषदेलाच करायचा असतो. जिथे जमीन भरपूर आहे तिथे तळ्यांची साधी पद्धत चालते. तिला वीज फार कमी लागते, पण जागा मोठी लागते. हवा सोडण्याच्या पद्धतीला जागा थोडी लागते, पण विजेचं बिल मोठं येतं. आम्हाला गायरान वाचवायचं आहे म्हणून आम्ही कमी जागेची पद्धत मान्य केली. पण मग बिलाची तरतूद दाखवा, आणि बांधणाऱ्यानेच काही वर्षं चालवून दाखवायची अट निविदेत घाला, असं आम्ही लिहून दिलंय.

आता आमचं कुठवर आलंय ते सांगतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची हा आपला कायद्याने मिळालेला हक्क आहे. ती आम्ही घेतली. तिथे ठरलं की प्रकल्पाला विरोध करायचा नाही, पण कोरा ठराव द्यायचा नाही. ठरावात अटी लिहायच्या : जागा पुराच्या रेषेच्या वर, गायरानाची मोजणी करून तेवढाच तुकडा, भोवती कुंपण आणि झाडं, जनावरांच्या वाटेला धक्का नाही, महिन्याचा अहवाल गावाला, आणि देखरेख समितीत गावच्या दोन महिला. विरोध करणाऱ्या बाजूच्या दोघी अजूनही नाखूश आहेत. त्यांचं म्हणणंही इतिवृत्तात लिहिलंय, कारण पुढे वास सुटला तर पहिल्यांदा त्यांच्याच घरापर्यंत येणार आहे.

पातळी मोजून झाली की सुधारित नकाशा येईल. तो बघूनच ग्रामसभेत हात वर होतील.

तुमच्या वरच्या शहरात असा प्रकल्प येत असेल तर सविस्तर प्रकल्प अहवाल मागा. दिला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. गटातली शिकलेली एखादी सून तो वाचून दाखवेल. आणि महापुराचं पाणी कुठवर आलं होतं, ते आधी चुन्याने आखून ठेवा. पुढच्या महिन्यात नकाशाचं काय झालं ते सांगायला आम्ही पुन्हा येऊ. तोवर नमस्कार.