रुग्णालयातून घरी आलेल्या वडीलधाऱ्यांचा आहार

(भोपाळमधील कोटरा सुल्तानाबाद येथे मराठी कुटुंबांसमोर केलेले भाषण)



सत्तरी गाठलेल्या नागरिकांना २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण लाभले आहे. घरी परतल्यावर ताटात काय वाढावे, हे मात्र आपणच पाहावयाचे आहे.

आजाऱ्याला पेज आणि वरणाचे पाणी द्यावे, ही आपली जुनी रीत. परंतु आठवडेच्या आठवडे तेवढ्यावरच ठेवले, तर दुखणे सरूनही माणूस उभा राहत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात निरोगी वृद्ध दहा दिवस अंथरुणात राहिले. तेवढ्यात त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो मांस झिजले. मग आजाऱ्याचे काय होत असेल!

ही झीज प्रथिनांनी भरून येते. आजारातून उठलेल्या, पन्नास किलो वजनाच्या वृद्धाला ती दिवसाला साठ ते पंच्याहत्तर ग्रॅम हवीत. पेलाभर दुधातून किंवा एका अंड्यातून सुमारे सहाच ग्रॅम मिळतात. म्हणून वरण घट्ट असावे. मुगाची मऊ खिचडी, दही, पनीर, दाण्याचे कूट रोज पोटात जावे. दात नसल्यास कुस्करून, थोडेथोडे, पाच-सहा वेळा द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

औषधांची चिठ्ठी समजून घेताना आहारही विचारून घ्या. दर आठवड्याला वजन पाहा. आणि आजी ‘भूक नाही’ म्हणाल्या, तर ताट झाकून ठेवू नका. त्यांच्याजवळ बसून दोन घास आपणही घ्या.