लिहिता कार्यकर्ता, शिकता कार्यकर्ता

(कार्यकर्त्यांच्या लेखन अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



'समाजमाध्यमे आणि आपले लेखन' हा विषय मला देण्यात आला आहे. या विषयावर बोलताना आपला मजकूर किती लोकांपर्यंत पोहोचला, याचीच चर्चा प्रायः होते. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. आपण लिहितो ते कशासाठी? समाजप्रबोधनासाठी, असे उत्तर आपण सहज देतो. ते खरेही आहे. परंतु लेखनाने सर्वप्रथम घडतो तो स्वतः लिहिणारा, याचा मात्र आपल्याला विसर पडतो.

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास 'लेखनक्रियानिरूपण' हा आहे. अक्षराचे वळण, ओळींची मांडणी, कागद, शाई, लेखणी यांचा इतका बारकाईने विचार समर्थांनी त्यात केला आहे की आजच्या वाचकाला आश्चर्य वाटावे. त्या दशकाचे नावच मुळी 'शिकवण' आहे. ज्यांना समाज संघटित करावयाचा होता, त्यांना लेखनाचे कष्ट दुय्यम वाटले नाहीत, ही गोष्ट आपण ध्यानात घेतली पाहिजे.

लेखनातून शिक्षण कसे होते? बोलताना आपले निभावून जाते. 'आमच्या गावचे मंदिर फार पुरातन आहे' असे बैठकीत म्हटले की सारे माना डोलावतात. तेच वाक्य लिहावयास घ्या. पुरातन म्हणजे कोणत्या शतकातले? बांधले कोणी? शिलालेख आहे काय? असल्यास तो वाचला कोणी? मग जिल्ह्याचे गॅझेटियर उघडावे लागते, पुजाऱ्यांशी आणि गावातील वृद्धांशी बोलावे लागते. चार ओळी लिहिण्यासाठी चार दिवस हिंडावे लागते, आणि त्या हिंडण्यातून आपले गाव आपल्याला नव्याने कळते. आपल्याला काय ठाऊक नाही, हे कोरा कागद फार लवकर सांगतो.

मराठी पत्रसृष्टीचा इतिहास हेच सांगतो. गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने पत्रे लिहिण्यास आरंभ केला, तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते. दोन वर्षांत १०८ पत्रे झाली. पुढे १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली. शाळेतील अध्यापन सांभाळून हे मासिक त्यांनी जवळजवळ एकहाती लिहिले आणि १८८१ पर्यंत त्याचे ८४ अंक निघाले. त्यांनी लोकहितवादींवर कठोर टीका केली. आपला कल कोणाकडे, हा प्रश्न येथे नाही. ज्याचे खंडन करावयाचे, त्याचे लेखन आधी मुळातून वाचावे लागते, ही शिस्त या परंपरेने घालून दिली. त्या वादांतून मराठी गद्य तावून-सुलाखून निघाले.

स्वातंत्र्यवीर सावरकर लंडनहून 'विहारी' आणि 'काळ' या पत्रांसाठी बातमीपत्रे पाठवीत. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरावरील ग्रंथासाठी त्यांनी तेथील इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात बसून इंग्रज इतिहासकारांचेच ग्रंथ अभ्यासले आणि त्यांच्याच सामग्रीतून वेगळा निष्कर्ष मांडला. प्रतिपक्षाची पुस्तके न वाचता हे कार्य झाले असते काय?

आज परिस्थिती पालटली आहे. त्या काळी वाचकाचे पत्र यावयास दिवसच्या दिवस लागत, आज काही क्षणांत उत्तर येते. हे उत्तर तीन प्रकारचे असते. स्तुती, शिवी आणि शंका. स्तुतीने उमेद वाढते, ज्ञान वाढत नाही. शिवीला उत्तर देण्यात शक्ती खर्ची पडते. परंतु 'तुम्ही दिलेले साल चुकीचे आहे' किंवा 'याला आधार काय' असे विचारणारा वाचक, मग तो कोणत्याही विचाराचा असो, आपला विनावेतन शिक्षक असतो. त्याला हाकलून लावू नका. त्याचे म्हणणे तपासा. खरे असेल तर दुरुस्ती करून त्याचे आभार माना, नसेल तर संयमाने आधार द्या. तो सहमत होईल न होईल, परंतु तो संवाद मूकपणे वाचणारे पुष्कळ असतात आणि त्यांचा विश्वास तेथेच बसतो.

आता एक कटू गोष्ट. आपल्यापैकी अनेक जण लिहीत नाहीत, ते केवळ पुढे ढकलतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी गावोगाव फिरणारे आपलेच बांधव होते. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांची हत्या झाली, तेव्हाही त्या परिसरात अशीच अफवा पसरलेली होती. ज्या भटक्या-विमुक्तांमध्ये आपले कार्यकर्ते वर्षानुवर्षे काम करतात आणि ज्या साधूंपुढे आपण नतमस्तक होतो, त्यांचाच बळी गेला. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाच ठिकाणीच संदेश पुढे पाठवता येईल, असे बंधन घातले. यंत्राला बंधन घालता येते. बोटाला बंधन घालणारा विवेक मात्र ज्याचा त्यालाच जागवावा लागतो.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. आठवड्यातून एकदा तीनशे शब्द लिहा. विषय आपल्या कामातला घ्या: सेवावस्तीतील अभ्यासिका, आटलेली विहीर, बचत गटाचा हिशेब, गावच्या जत्रेची रीत. जे पाहिले ते पाहिले म्हणून आणि जे ऐकले ते ऐकले म्हणून लिहा. प्रसिद्ध करण्यापूर्वी घरातील एखाद्या वडीलधाऱ्यास आणि एखाद्या शाळकरी मुलास वाचून दाखवा. दोघांनाही कळले तर भाषा जमली. खाली स्वतःचे नाव घाला. नाव घातले की हात आपोआप जबाबदार होतो.

वर्षाअखेरीस असे पन्नास लेख होतील. ते किती जणांनी वाचले, हे मोजू नका. त्यांनी आपल्याला किती माणसांच्या दारी नेले आणि किती ग्रंथ उघडावयास लावले, ते मोजा. आपण शाखेत शरीराला वळण लावतो, बौद्धिकांतून बुद्धीला लावतो. लेखणी या दोहोंची परीक्षा घेते. त्या परीक्षेस दर आठवड्याला बसावे, एवढीच विनंती करून मी थांबतो.

भारत माता की जय!