बोरू, कित्ता आणि लाल शाई

(सोलापुरात महाविद्यालयीन मुलामुलींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरी आज एका खत्ताताविषयी, म्हणजे अरबी सुलेखनकाराविषयी बोलणार आहे. कारण इंजिनिअरिंगची मुलं भेटली की हल्ली एकच प्रश्न विचारतात: एआय आल्यावर आमच्या डिग्रीचं काय होणार? हा माणूस अशाच प्रश्नातून तीसेक वर्षांपूर्वी गेला आहे.

बंगळुरूचे मुख्तार अहमद. मूळचे तेलंगणाचे. उर्दू वर्तमानपत्रात ते कातिब होते. उर्दूची नस्तालीक लिपी तिरकी उतरते, शेजार बदलला की अक्षराचं रूप बदलतं. खिळ्यांत ती नीट बसत नाही. म्हणून कातिब अख्खं पान हाताने लिहायचा आणि मग ते छापलं जायचं. 1981 साली पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांच्या ‘नूरी नस्तालीक’ने हे काम संगणकावर नेलं. 1994 मध्ये भारतात ‘इनपेज’ आलं. काही वर्षांतच कातिबांच्या बैठका रिकाम्या झाल्या. हातमाग मोडताना आणि गिरण्यांचे भोंगे बंद होताना पाहिलेल्या सोलापूरला हे फोड करून सांगायला नको.

पण एक गंमत बघा. नूरी नस्तालीकसाठी हजारो जोडअक्षरं आधी हातानेच लिहावी लागली होती. यंत्राने कातिबाची नोकरी घेतली, ती कातिबाच्याच अक्षराच्या जोरावर.

अनेक कातिबांनी दुसरे धंदे धरले. मुख्तार अहमद मात्र शास्त्रीय अरबी खत मुळापासून शिकायला बसले. त्यांचे गुरू दोन, दोघंही अमेरिकेत. सीरियात जन्मलेले मामून सक्काल आणि कॅलिफोर्नियाचे मोहम्मद झकरिया. झकरिया तरुणपणी मुसलमान झाले, कारखान्यात यंत्रावर काम करत होते. 2001 साली अमेरिकेच्या टपाल खात्याने काढलेल्या ईदच्या तिकिटावरचं अक्षर त्यांचंच. 2013 साली मुख्तार अहमद यांना इस्तंबूलच्या ‘इर्सिका’ या केंद्राकडून इजाजा मिळाला. तो मिळवणारे ते पहिले भारतीय मानले जातात.

इजाजा म्हणजे नुसतं प्रमाणपत्र नव्हे. या परंपरेत विद्यार्थ्याचा पहिला धडा असतो एक छोटी दुआ: काम सोपं व्हावं, तडीस जावं. तीच ओळ महिनोन् महिने लिहायची. मग सुटी अक्षरं, मग जोडलेली. माप नुक्त्याचं. बोरूचं टोक टेकवलं की जो चौकोनी ठिपका पडतो, तो नुक्ता. अलिफ किती नुक्ते उंच, बे किती नुक्ते लांब, सगळं ठरलेलं. दहाव्या शतकात बगदादचे वजीर इब्न मुक्ला यांनी हे प्रमाणशास्त्र बसवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर हजार वर्षांपूर्वीचं स्पेसिफिकेशन!

विद्यार्थी काळ्या शाईने लिहितो, उस्ताद शेजारी लाल शाईने दुरुस्ती करतात. इथे पोट जास्त भरलं, इथे अर्धा नुक्ता कमी पडला. झकरियांनी दूरच्या विद्यार्थ्यांचे धडे टपालाने मागवून, दुरुस्त करून परत पाठवले आहेत. आणि इजाजा मिळेपर्यंत विद्यार्थ्याने आपल्या कामाखाली ‘हे मी लिहिलं’ अशी सही करायची नाही. इजाजा म्हणजे सही करण्याची परवानगी.

हे सगळं आपल्याला परकं वाटतं का? कलम, कागद, दौत हे शब्द मराठीत अरबी-फारसीतूनच आले. आपण ‘कित्ता गिरवतो’. तो कित्ताही अरबी ‘कित्आ’पासूनचा. पारसनीस हे आडनाव फारसी लिहिणाऱ्या कारकुनाच्या हुद्द्यावरून आलं. आदिलशाही कागदांत वर फारसी आणि खाली मोडी मराठी, असे एकाच कागदावरचे दोन मजकूर सापडतात. इथून शंभर किलोमीटरवर, विजापूरच्या इब्राहिम रौझ्यात अरबी अक्षरं दगडात अशी कोरली आहेत की खिडकीतला उजेड अक्षरांमधून आत येतो. ज्याची ती कबर, त्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने इराणातून आलेल्या खलीलुल्ला या खत्ताताला ‘कलमेचा बादशहा’ असा किताब दिला होता. आणि आज मुंबईच्या सल्वा रसूल, जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिकलेल्या, हेच अक्षर आपल्या पद्धतीने लिहीत आहेत. ही वाट मुलींचीही आहे.

आता मुद्द्याचं. ‘जिद्द ठेवा, तुम्हीही मुख्तार अहमद व्हाल’ असं सांगून मी खाली बसणार नाही. बाकीच्या कातिबांत जिद्द नव्हती, असं म्हणणं अन्याय होईल. एका माणसाच्या यशाने शेकडो माणसांची रोजी परत येत नाही. मुख्तार अहमद यांच्या जिद्दीला जोड मिळाली ती लाल शाईची. हजारो मैलांवरचा कुणीतरी त्यांच्या अर्ध्या नुक्त्याची चूक काढायला वेळ देत होता. आणि त्यांनी ते स्वतःपाशी ठेवलं नाही; बंगळुरूत ते पुढच्यांना शिकवतात.

आपल्या मोहल्ल्यांत हुशार मुलं कमी नाहीत. त्यांना ‘माशाअल्लाह, छान’ म्हणणारेही पुष्कळ. चूक नेमकी कुठे आहे, हे दाखवणारा माणूस कमी. पोरगा पुस्तकावरून प्रोग्रॅम लिहितो. तो चालतो, पण कच्चा आहे, हे त्याला सांगायला घरात कुणी नसतं. सुखवस्तू घरातल्या मुलाला काका असतो, मामाचा मित्र असतो. एआय कोड लिहून देईल. आपल्या मुलाचा हात कुठे वळतो, हे ओळखून त्याच्याजवळ वर्षभर बसणार नाही.

म्हणून नोकरीला लागलेल्यांना एकच विनंती. महिन्यातला एक रविवार द्या, एका मुलाचं किंवा मुलीचं काम ओळीओळीने तपासा. कोड असेल, इंग्रजी अर्ज असेल, हिशेब असेल. आणि विद्यार्थ्यांनो, लाल शाईला घाबरू नका. तुमच्या कागदावर ती दिसते, म्हणजे कुणीतरी तो शेवटपर्यंत वाचला आहे.